रोख्याच्या पाठीमागे : सावकारी, सरकार आणि मावळ

मावळात काही खरेदीखते अशी होतात की कागदावर ती विक्री असते आणि प्रत्यक्षात कर्ज. मुलीचे लग्न, दवाखाना, गाडीचे हप्ते, लोणावळ्यातल्या गाळ्याचे थकलेले भाडे, असे काहीतरी निमित्त होते. तीन-चार लाख तातडीने हवे असतात आणि पतसंस्थेचे आधीचेच थकलेले असते. पैसे देणारा गहाणखत मागत नाही, खरेदीखत मागतो. तोंडी बोली अशी की पैसे फिटले की जमीन पुन्हा नावावर करून द्यायची. व्याजाचा आकडा दस्तात कुठेच नसतो. ते महिन्याच्या महिन्याला हातात द्यायचे असते. पुढे तंटा झाला की एका बाजूला नोंदणी झालेला दस्त उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचा शब्द.

सावकारी आणि सरकार या अभ्यासक्षेत्राचा मूळ प्रश्न या एका दस्तात मावतो. कर्ज हा दोन सज्ञान माणसांचा खासगी व्यवहार आहे असे म्हणून सरकारने बाजूला उभे राहायचे, की दस्ताच्या पाठीमागे जाऊन खरे काय घडले ते पाहायचे? पाहायचे तर ते कोणी पाहायचे : न्यायाधीशाने, सहकार खात्याच्या अधिकाऱ्याने की रिझर्व्ह बँकेने? आणि इतके पाहिल्यावर उद्या गरजवंताला कोणी पैसेच दिले नाहीत तर? हे प्रश्न लंडनला आणि वॉशिंग्टनलाही पडलेले आहेत. पण पुणे जिल्ह्यातल्या वाचकाला ते बाहेरून शिकायची गरज नाही. ते इथे दीडशे वर्षे चालू आहेत, आणि ऋणकोला कायद्याने वाचवण्याचा एक फार लवकरचा, फार धीट प्रयोग या जिल्ह्यात झालेला आहे.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची दुकाने गाठली. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. दंग्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, पोलिसांना साथ द्यायला लष्कर आणावे लागले आणि साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली. शाळेच्या पुस्तकामुळे ही घटना सगळ्यांना ठाऊक असते, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे कोणी बारकाईने पाहत नाही. पाहण्यासारखे असे की जमावाला पैसे नको होते, कागद हवे होते. सावकाराने रोखे आणि खातेवह्या दिल्या की त्याला सहसा कोणी हात लावत नसे. नाही दिल्या की घर पेटे. अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या या लोकांनी आपल्या संकटाचे मूळ नेमके हेरले होते.

ते का, हे समजायला थोडे कायद्यात शिरावे लागते. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांतच बजावता येईल असे ठरवले. हेतू चांगला होता : व्याज वर्षानुवर्षे साचू नये, सावकाराने वेळेत दाद मागावी. घडले ते उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी, मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज करी आणि त्या बेरजेचा नवा रोखा लिहून घेई. कालचे व्याज आज मुद्दल होई. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता आणि मुंबई इलाख्यातली न्यायालये हिंदू ऋणकोपुरता तो मानतही होती : एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त असता कामा नये. पण रोखाच नवा झाल्यावर दामदुपटीचे मोजमापही नव्या मुद्दलापासून सुरू होते. न्यायाधीशासमोर येई तो शेवटचा रोखा, सही-अंगठ्यासह निर्दोष. त्याच्या मागचे चार-पाच रोखे, त्यांतली मूळची पंचवीस-तीस रुपयांची उचल, मधे फेडलेले धान्य, यांतले काहीच त्याला दिसत नसे. हुकूमनामा होई तो त्या शेवटच्या कागदावर.

शिरूर तालुक्यातल्या करडे गावी १८७४च्या डिसेंबरात एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी गावच्या देशमुखांच्या घरावर जप्ती आणली, तिथून सावकारांवरच्या बहिष्काराला तोंड फुटले. ठिणगी अशी गावातली होती, पण दारूगोळा बराच दूरवरून आलेला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला अचानक भाव आला, सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध १८६५ला संपले, भाव पडले, उसनवारी आटली. त्याच सुमारास सरकारने सारा वाढवला. इंदापूर आणि भीमथडीतल्या नव्या आकारणीने कुणबी हैराण झाला होता.

इथे राजकारण सुरू होते, आणि नव्या अभ्यासकाने सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा असे मला वाटते. कुणब्याला संरक्षण हवे हे सगळ्यांनाच मान्य होते. कोणापासून, यावर मात्र एकमत नव्हते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने दोष मुख्यतः सावकारावर आणि त्याच्या हाती आयते हत्यार देणाऱ्या दिवाणी न्यायालयांवर ठेवला. साऱ्याची वाढ हे दंग्याचे कारण नव्हे असे म्हटले. सरकारने नेमलेला आयोग सरकारला निर्दोष ठरवतो यात नवल नाही; पण त्याच आयोगातल्या ऑकलंड कॉल्विन यांनी साऱ्याच्या आकारणीवर वेगळे टिपण लिहिले हेही विसरू नये. पुण्याच्या सार्वजनिक सभेचा रोख साऱ्यावर होता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये तिसरीच मांडणी केली : सावकार, कुलकर्णी, वकील, कारकून आणि गोरा अधिकारी ही एकच साखळी आहे, आणि शेतकऱ्याला वाचता येत नाही ही तिची पहिली कडी. माझ्या मते त्या काळातले हे सर्वांत भेदक विश्लेषण आहे, कारण कागद कोण लिहितो आणि कोणाला तो वाचता येत नाही हा प्रश्न फुल्यांनी व्याजदराच्या आधी विचारला. दंग्यात गुजराती आणि मारवाडी सावकार अधिक लक्ष्य झाले, गावातले ब्राह्मण सावकार बरेचसे सुटले. त्यामुळे 'परका सावकार' ही प्रतिमा तयार झाली. आजही सावकारीवरच्या भाषणांत ती डोकावते. ती राजकारण्यांना सोयीची आहे. अभ्यासकाने तिच्यापासून दूर राहावे.

इतिहासकारांचेही एकमत नाही. रविंदर कुमारांना या दंग्यांत ब्रिटिश राजवटीने उलथवलेली ग्रामव्यवस्था दिसते. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२मध्ये दंग्यांचे महत्त्व अवास्तव फुगवले गेले असा मुद्दा मांडला. शीर्षकातच त्यांनी 'मिथक' म्हटले. जैरस बनाजींनी सावकाराला छोट्या शेतकऱ्याच्या श्रमावर ताबा मिळवणारे भांडवल म्हणून वाचले. सुमीत गुहांचे पुस्तक दख्खनच्या शेतीकडे सव्वाशे वर्षांच्या पट्ट्यात पाहते, त्यामुळे एकट्या १८७५चा मोह आपोआप कमी होतो. रेचल क्रँटन आणि आनंद स्वामी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९मध्ये एक उलटा वाटणारा तर्क दिला : दिवाणी न्यायालयांमुळे वसुली सोपी झाली, सावकारांत स्पर्धा वाढली, आणि त्यामुळेच दुष्काळी वर्षात कुळाला सांभाळून घेण्यात कोणा एका सावकाराचे हित उरले नाही. स्पर्धा वाढली की ग्राहकाचे भले होते, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वाचावा.

दंग्यांतून निघालेला कायदा म्हणजे १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, सुरुवातीला पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता. कर्जासाठी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण टाकल्याखेरीज त्याची जमीन विकता येईना. गावोगाव निबंधक नेमून शेतकऱ्याचे दस्त त्यांच्यासमोर व्हावेत, तडजोडीसाठी सलोखा करणारे असावेत, हप्ते बांधून द्यावेत, अशा तरतुदी आल्या. पण कायद्याचा प्राण बाराव्या कलमात होता. त्याने न्यायाधीशाला सांगितले की शेवटच्या रोख्यावर थांबू नका; देवघेव पहिल्यांदा सुरू झाली तिथपर्यंत मागे जा, दोघांना विचारा, हिशेब नव्याने मांडा. करार हा करार, असे मानणाऱ्या त्या युगात इंग्रजी राज्याच्या न्यायाधीशाला सही केलेल्या कागदावर अविश्वास दाखवायला सांगणे ही लहान गोष्ट नव्हती. व्यापारी आणि अनेक अधिकारी बिथरले : असे झाले तर शेतकऱ्याची पत बुडेल, कर्ज महाग होईल, खोटेपणा बोकाळेल.

या कायद्याखाली विशेष न्यायाधीशांचे सहायक म्हणून १८८१मध्ये न्यायमूर्ती रानडे नेमले गेले आणि पुढे १८८७मध्ये ते स्वतः विशेष न्यायाधीश झाले. कायद्याला त्यांचा पाठिंबा होता, पण एवढ्याने भागेल असे त्यांना वाटत नव्हते. सावकाराचा हात धरला तर दुसरा कोणता तरी हात पुढे यायला हवा, म्हणून विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली तेव्हा रानडे तिच्या बाजूने उभे राहिले. लंडनने ती मान्य केली नाही. संरक्षण आणि पतपुरवठा ही जोडी तेव्हा तुटली ती बरीच वर्षे तुटलेलीच राहिली.

सावकार मात्र शिकत होते. गहाण असेल तर न्यायालय हिशेब उकरते. मग गहाण नकोच, खरेदीखत करा. सुरुवातीला सांगितलेला मावळातला दस्त आठवावा. त्याचे मूळ १८७९नंतरच्या या पळवाटेत आहे. सरकारनेही पुढे कायदा दुरुस्त करून, खरेदीखत हे प्रत्यक्षात गहाण होते असे दाखवणारा पुरावा देण्याची मुभा शेतकऱ्याला दिली. कायदा एक दार लावतो आणि व्यवहार दुसऱ्या दाराने निघतो, हा खेळ पुढे प्रत्येक दशकात दिसतो. त्यावरून काही जण कायदेच निरर्थक असे म्हणतात. मला ते पटत नाही. पळवाट शोधावी लागते याचाच अर्थ वाट अडली होती.

मावळाची गोष्ट याहून थोडी निराळी. दंग्यांचा भर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांत होता. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या खोऱ्यांत पाऊस मुबलक आणि पीक भाताचे. इथली उधारी रोख्यावर जितकी चाले तितकीच धान्यावर. आवणीच्या दिवसांत घरातले भात संपलेले असते. तेव्हा घेतलेले धान्य सुगीला सवाईने नाहीतर दिढीने परत करायचे. एक पायलीची दीड पायली, तीही पाच-सहा महिन्यांत. वर्षाच्या हिशेबाने हे व्याज शंभर टक्क्यांवर जाते. त्यात सुगीला भात स्वस्त असते म्हणून खरा बोजा थोडा कमी, हे अर्थशास्त्रज्ञ लगेच निदर्शनास आणतील, आणि त्यांचे बरोबर आहे. पण रोखाच नसेल तर बारावे कलम कशाच्या पाठीमागे जाणार? मावळातल्या जुन्या कर्जाचा मोठा भाग न्यायालयाच्या दफ्तरात सापडत नाही याचे एक कारण हे. तो शोधायचा तर घरच्या वह्यांत, देवस्थानच्या हिशेबांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत शोधावा लागतो. भोर घाटातली रेल्वे १८६३मध्ये पूर्ण होईपर्यंत घाटमाथ्यावर मजुरी मिळत होती. पुढे खंडाळा-लोणावळ्याच्या बंगल्यांनी आणि स्टेशनाने थोडी रोकड आणली. पण जमीन हळूहळू कोणाच्या नावावर गेली हे कळले ते धरणे आली तेव्हा.

लोणावळ्याच्या परिसरात टाटांची वीज योजना १९१०च्या दशकात उभी राहिली. पाठोपाठ शेजारच्या मुळशी पेट्यात धरण आले आणि १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांमुळे तो आपल्याला माहीत असतो. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर लिहिलेल्या पुस्तकात एक बाजू नीट उलगडली आहे : मावळे जी जमीन कसत होते तिच्यातली बरीचशी कर्जापायी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. 'जान किंवा जमीन' म्हणत लढणारा मावळा आणि नुकसानभरपाई घेऊन मोकळा व्हायला तयार असलेला जमीनमालक हे दोन वेगळे होते. कर्जाचा इतिहास आणि विस्थापनाचा इतिहास आपल्याकडे वेगवेगळ्या कपाटांत ठेवतात. मुळशीत ते एकाच दफ्तरात आहेत.

संरक्षणाच्या वादात राष्ट्रीय पुढारी नेहमी संरक्षणाच्या बाजूने होते असा एक भाबडा समज असतो. १९०१चा प्रसंग तो दूर करतो. मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली : सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या जमिनी शेतकऱ्याला अशा अटीवर द्यायच्या की त्याला त्या विकता वा गहाण टाकता येणार नाहीत. सरकार म्हणाले, सावकारापासून बचाव. फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी कडाडून विरोध केला आणि अखेर कायदेमंडळातून ते आपल्या सहकाऱ्यांसह उठून गेले. त्यांचे म्हणणे असे की जमिनीवरचा हक्क काढून घेणे हे कसले संरक्षण. दुष्काळात सारा सोडा म्हणजे कर्ज काढावे लागणार नाही. कोण बरोबर? साऱ्याबाबत मेहता-गोखले बरोबर होते असे मला वाटते. पण विकण्याचा हक्क शाबूत ठेवण्यात धनकोचाही फायदा होता आणि त्या सभागृहात कर्जदार कुणबी बसलेला नव्हता, हेही नोंदवायला हवे.

पुढचा अर्धशतकाचा टप्पा सहकाराचा. १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदा, मग विस्तार, मग निराशा. गोरवालांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. १९५४च्या अहवालातला आकडा असा की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन टक्के आणि सावकारांचा जवळजवळ सत्तर. म्हणजे रानडे-वेडरबर्नांनी मागितलेला दुसरा हात पन्नास वर्षांत जेमतेम पुढे आला होता.

दरम्यान १९४६चा मुंबई सावकारी कायदा १७ नोव्हेंबर १९४७पासून लागू झाला. परवाना, हिशेबाच्या वह्या, ऋणकोला दरसाल उतारा, व्याजाची मर्यादा, आणि बिनपरवाना सावकाराला न्यायालयाची दारे बंद. आणीबाणीच्या काळात महाराष्ट्राने छोट्या शेतकऱ्यांची, शेतमजुरांची आणि कामगारांची खासगी कर्जेच रद्द केली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले; १९७७मध्ये फत्तेचंद हिंमतलाल खटल्यात न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे ते निकालपत्र कायद्याच्या विद्यार्थ्याने वाचावेच. पिढीजात कर्जाबद्दल इतक्या तळमळीने लिहिलेला निकाल विरळा.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दशक आले, आणि विदर्भातल्या खामगाव भागातले प्रकरण. एका आमदाराच्या सावकार वडिलांविरुद्धच्या तक्रारी नोंदवण्यात तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या कार्यालयातून अडथळा आणला गेला, म्हणून डिसेंबर २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला दहा लाख रुपयांचा भुर्दंड बसवला. कायद्यात काय आहे यापेक्षा पोलीस ठाण्यात कोणाचा फोन येतो हे कधी कधी महत्त्वाचे असते; या विषयातले पुष्कळ लेखन ही गोष्ट शिष्टाचार म्हणून टाळते.

सध्याचा कायदा २०१४चा. बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता, मग ती विक्रीच्या दस्ताने गेलेली का असेना, चौकशी करून परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याला. बारावे कलम असे न्यायालयातून निघून कचेरीत आले. दिवाणी दाव्याच्या वीस वर्षांपेक्षा हे बरे की न्यायाधीशाचे काम प्रशासनाकडे सोपवणे धोक्याचे, यावर दोन्ही बाजूंनी चांगले युक्तिवाद आहेत. माझा कल निबंधकाला दिलेल्या या अधिकाराच्या बाजूने आहे. पण ज्या अधिकाऱ्याच्या माथी सहकारी संस्थांच्या निवडणुका, लेखापरीक्षण आणि गृहसंस्थांची भांडणे आहेत त्याच्याकडे एवढी खोल चौकशी सोपवून सरकारने हात झटकले, असेही वाटते.

व्याजदरांची कथा मजेची आहे. या कायद्याखाली शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला नऊ टक्के आणि विनातारणावर बारा. इतरांना पंधरा आणि अठरा. ज्याची आंदर मावळात दोन एकर भाताची खाचरे आहेत आणि जो लोणावळ्यात पर्यटकांची टॅक्सी चालवतो तो शेतकरी की इतर? 'शेतकरी' कोणाला म्हणायचे यावर १८७९च्या कायद्याखालीही खटल्यांमागून खटले झाले होते. जाता जाता : कार्ल्याच्या लेण्यात ज्याच्या दानाचा लेख आहे त्या उषवदाताने नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवले आहे की त्याने विणकरांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली, काही दरमहा शेकडा एकाने, काही पाऊणाने. म्हणजे बारा आणि नऊ. ती ठेव होती, कर्ज नव्हे, त्यामुळे यातून सिद्ध काहीच होत नाही. पण योगायोग गमतीचा आहे. नऊ टक्क्यांनी शेतकऱ्याला कर्ज देणारा खासगी माणूस मात्र मला माहीत नाही. परवानाधारकांत सोने तारण ठेवणारे सराफच बहुतेक, आणि शेतकऱ्याला लागणारे पैसे परवान्याबाहेरून, महिना शेकडा पाच-दहाने येतात. पाळता येणारच नाही असा दर छापणे हे संरक्षण नव्हे, सजावट आहे.

आणि त्याच गल्लीत रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली सूक्ष्म वित्त कंपनी बायकांच्या गटाला वीस टक्क्यांहून अधिक दराने, पूर्ण कायदेशीर, कर्ज देते. आंध्र प्रदेशने २०१०मध्ये अध्यादेश काढून अशा कंपन्यांची वसुली रोखली तेव्हा देशभर वाद पेटला. रिझर्व्ह बँकेच्या मालेगाम समितीने दराला मर्यादा सुचवली. २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने ती मर्यादा काढून वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळे हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत असा नियम केला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नेडुमपिल्ली खटल्यात सांगितले की अशा नोंदणीकृत वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागूच होत नाहीत. म्हणजे वडगाव मावळच्या सहायक निबंधकाला सराफाची वही तपासता येते, कंपनीची नाही. मोबाईलवरच्या कर्जांसाठी सप्टेंबर २०२२पासून वेगळे नियम आहेत : खर्चाचे सगळे आकडे एका पानावर, पैसे थेट खात्यात, फोनमधले नातेवाइकांचे नंबर उकरायला बंदी. जुने ॲप-कर्ज फेडायला नवे ॲप-कर्ज घेणारा मुलगा आणि तीन वर्षांनी रोखा बदलून देणारा कुणबी यांत फरक इतकाच की मुलाचा रोखा सात दिवसांत जुना होतो.

ब्रिटनने २ जानेवारी २०१५पासून अल्पमुदतीच्या कर्जांवर असा नियम आणला की व्याज आणि सगळे आकार मिळून मूळ कर्जाहून जास्त घेता येणार नाहीत. ही आपली दामदुपटच; फक्त त्यांनी ती कर्ज नव्याने लांबवले तरी मूळ रकमेवरच मोजायची असे ठरवून १८५९ची चूक टाळली. आपल्याकडे हे कोणी फारसे सांगत नाही.

मावळापुरता एक प्रश्न मात्र कुठल्याही पुस्तकात तयार सापडणार नाही. भीमथडीच्या सावकाराला कुळाची बरड जमीन क्वचितच हवी असे. त्याला कसणारे कूळ हवे असे. द्रुतगती मार्ग झाल्यानंतरच्या मावळात, पवना जलाशयाच्या काठी, एका गुंठ्याची किंमत कर्जाहून जास्त असू शकते. अशा वेळी धनकोला कर्ज फिटण्यापेक्षा थकण्यातच नफा आहे. व्याजदराची मर्यादा या व्यवहाराला स्पर्शच करत नाही. शिवाय हातात कोरे चेक असतात. चेक वटला नाही की फौजदारी खटला, आणि बचावात 'हे हातउसने नव्हते, सावकारी होती' हे सिद्ध करायचे ओझे कर्जदारावर. जुन्या सावकारी कायद्याने तीन हजारांवरची, वचनचिठ्ठीखेरीज इतर विनिमयपत्रांवर दिलेली रक्कम 'कर्जा'च्या व्याख्येतून बरीचशी वगळली होती. नव्या कायद्यातही मर्यादा वाढवून तशी सूट आहे. व्यापाऱ्यांसाठी ठेवलेली ही फट आज कोण वापरते, यावर कोणीतरी बसून काम करायला हवे.

ते काम करू पाहणाऱ्याने कर्ज देणाऱ्यालाही भेटावे. रात्री अकरा वाजता दवाखान्याची अनामत भरायला पैसे आणून देणारा तोच असतो, ही गोष्ट कर्जदार स्वतः सांगतात. दोन्ही बाजूंचे ऐकून घेतल्याने मत सौम्य होईलच असे नाही, पण ते अधिक अचूक होते. गॅझेटिअर, आयोगाचा अहवाल, १८७९च्या कायद्याची पाहणी करणाऱ्या १८९२च्या समितीचे कागद हे सगळे इंग्रजीत आहेत. तालुक्याची दफ्तरे मोडीत आणि मराठीत. ज्याला मोडी वाचता येते आणि सातबाराही, असा विद्यार्थी या क्षेत्राला आज सर्वांत जास्त हवा आहे. त्याने सुरुवात बाराव्या कलमापासून करावी, मग २०१४च्या कायद्याखाली मालमत्ता परत मिळालेल्या आणि नाकारलेल्या प्रकरणांचे निकाल माहितीच्या अधिकारात मागवावेत आणि एकेक दस्त उलट्या दिशेने, शेवटच्या कागदापासून पहिल्या उचलीपर्यंत, वाचत जावा.